तांदळाचं पान

१० मे, लॉस बान्योस, फिलिपिन्स

सहा वाजायच्या आत गल्लीत ‘ताहोऽऽ’ अशी हाक आली आणि मी कप घेऊन खाली धावले. खांद्यावर कावड, तिच्या दोन टोकांना दोन डबे. मोठ्या डब्यात सोयाबीनच्या दुधाचं गरम, मऊसूत ताहो; धाकट्यात गुळासारखा काळसर पाक आणि शिजवलेला साबुदाणा. पसरट पळीने तो माणूस ताहोचे पातळ पापुद्रे उचलून कपात सोडतो, त्यावर पाक, त्यावर साबुदाणा. खरवसाहूनही मऊ. या देशात मी न विचारता, न घाबरता खाल्लेला पहिला पदार्थ हा.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. नवऱ्याला इथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम मिळालं आणि आम्ही दापोलीहून माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी येऊन राहिलो. १९६० साली स्थापन झालेली ही संस्था. ‘आयआर ८’ हे वाण १९६६ साली इथूनच बाहेर पडलं, आणि जगभरातल्या भाताचे १,३०,००० हून जास्त नमुने इथे थंडीत जपून ठेवलेत. घरी दिवसरात्र भाताच्याच गप्पा. पण माझी इथल्या भाताशी ओळख झाली ती घरमालकिणीच्या ओट्यापाशी. पहिल्याच आठवड्यात तिने मला तीन शब्द शिकवले: शेतातला ‘पालाय’, पोत्यातला ‘बिगास’, ताटातला ‘कानिन’. मी तिला आपले सांगितले: शेतात भात, डब्यात तांदूळ, पानात परत भात. ती विचारात पडली. शेतात आणि पानात एकच, तर मधेच नाव का बदललंत? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

तिला मी ‘आते’ म्हणते. आते म्हणजे ताई. सुरुवातीला मला ते आत्यासारखं ऐकू यायचं आणि खरं सांगायचं तर ती मला आत्याच वाटते. आज सकाळी तीच वर आली. तिचं माहेर लुकबानचं. यंदा सान इसिद्रो या संताची मिरवणूक तिच्या वडिलांच्या दारावरून जाणार आहे. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो, म्हणजे गावातल्या प्रत्येक घराला कधी ना कधी पाळी मिळते. इतक्या वर्षांनी पाळी आली आणि हात कमी पडतायत. ‘येशील का?’ असं तिने विचारलंच नाही. ‘परवा पहाटे निघू,’ एवढंच म्हणाली.

१२ मे, लुकबान

सांता क्रूझपर्यंत एक जीपनी, म्हणजे इथली लांबट प्रवासी जीप, तिथून दुसरी. पाग्सानहान ओलांडल्यावर रस्ता चढायला लागला, लुईसियानाच्या घराघरांपुढे केवड्याच्या जातीची पानं वाळत घातलेली दिसली. त्यांच्या चटया आणि पिशव्या विणतात. मग बानाहाव डोंगराची थंड हवा लागली आणि आलंच लुकबान.

दारात नातवंडं उभी होती. एकेकाने माझा हात धरला, वाकून कपाळाला टेकवला, ‘मानो पो’ म्हणाला. मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायची ही इथली रीत. माझ्या मुलानेही लगेच लोलोंचा हात कपाळाला लावला. लोलो म्हणजे आजोबा, आतेचे वडील. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म भातशेतीत गेलेला.

मागच्या पडवीत काम चाललं होतं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. कारण ते काम मला येत होतं.

किपिंग म्हणतात त्याला. तांदूळ भिजवून वाटायचे, पिठात रंग घालायचा. काबाल नावाच्या झाडाचं रुंद पान घ्यायचं, त्यावर पीठ पातळ पसरायचं, पान वाफेवर धरायचं. पिठाचा कच्चेपणा गेला, ते काचेसारखं दिसायला लागलं की काढायचं. गार झालं की कोपऱ्यातून नख घालून सोडवायचं. पान एकीकडे, तांदळाचं पान एकीकडे. आणि त्या तांदळाच्या पानावर मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांना फुटलेल्या केसाएवढ्या, सगळ्या जशाच्या तशा उठलेल्या.

आमच्या आजीच्या पानावरच्या फेण्या! तीन दिवस भिजवलेले तांदूळ, रोज बदललेलं पाणी, वडाची पानं, चुलीवरचं मोदकपात्र. एप्रिलमध्ये आम्हा पोरांना पहाटे उठवून पानं पुसायला बसवायची ती. फेणी सोडवताना फाटली की ती फाटकी आपली. ओली, गरम, खारट. त्या चवीसाठी आम्ही मुद्दाम एखादी फाडायचो.

आतेच्या आईने, लोलांनी, माझ्यापुढे पानांची चळत सरकवली. लोला म्हणजे आजी. एक शब्द न बोलता मी बसले. पहिली दोन फाटली. पीठ जाड बसत होतं. लोलांनी माझं मनगट धरून पान तिरकं करायला शिकवलं, म्हणजे जादा पीठ ओघळून जातं. आजी हेच करायची, फक्त ती ओरडून सांगायची. तिसरं अखंड सुटलं. ते उजेडात धरलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोलांनी ते पाहिलं आणि फाटलेलं किपिंग उचलून माझ्या तोंडात घातलं. मीठ नव्हतं. बाकी सगळं तेच होतं.

१४ मे, लुकबान, रात्री

बरंचसं किपिंग आधीच करून, वजनाखाली सपाट करून ठेवलेलं होतं: लाल, पिवळं, हिरवं, गुलाबी. आज दिवसभर ते ओवणं चाललं. एकाखाली एक पानं लावून मोठी झुंबरं करतात, त्यांना ‘आरान्या’ म्हणतात. खिडक्यांच्या चौकटी किपिंगने मढवल्या. कठड्यावर भाताच्या लोंब्यांच्या पेंढ्या, त्यांत चवळीच्या लांब शेंगा, वांगी, सायोते ही दुधीसारखी फळभाजी, केळीचे घड. जे घर जे पिकवतं किंवा करतं, तेच दारावर लावतं. शेजारी टोप्या विणणारं घर आहे. त्यांच्या भिंतीवर बुरी ताडाच्या पानांच्या टोप्याच टोप्या. पलीकडे सॉसेजवाले, त्यांनी लसणाच्या वासाच्या लाँगानिसाची तोरणं लावलीत.

लोलो सांगत होते, पूर्वी शेतकरी आपलं पीक देवळाच्या पायरीशी नेऊन ठेवत, पाद्री त्याला आशीर्वाद देई. पीक वाढलं, देवळात मावेना. मग ज्याने त्याने आपल्या दारातच मांडायचं ठरलं आणि पाद्री गावभर फिरायला लागला. सान इसिद्रो हा माद्रिदचा शेतमजूर, शेतकऱ्यांचा संत. त्याचा दिवस १५ मे. ‘पहियास’ हे सणाचं नाव सजवण्याच्या शब्दावरून आलेलं.

संध्याकाळी पाच वाजता बानाहाव ढगात गेला. मला कळेना सगळे एकदम का उठले. पावसाचा थेंब लागला की किपिंग लिबलिबीत होऊन एकमेकांना चिकटतं! मग काय, प्लास्टिकची ताडपत्री, शिड्या, दोऱ्या, आरडाओरडा. समोरच्या घरातले दोघे स्वतःचं झाकून झाल्यावर धावत आमच्याकडे आले. माझा नवरा संध्याकाळच्या जीपनीने नुकताच पोचला होता, तो चपलांसकट शिडीवर चढला. सर जोराची आली, वीस मिनिटांत गेली. डाव्या खिडकीवरची एक ओळ भिजलीच. ती काढताना आतेचा चेहरा पाहवेना. लोलांनी पातेलं चढवलं आणि आम्ही चौघीजणी रात्री अकरापर्यंत पानं वाफवत बसलो.

तेव्हाच मनात साचलेलं एक मी आतेला सांगून टाकलं. पहिल्या वर्षी लॉस बान्योसमध्येच एका घरी फिएस्टाला, म्हणजे गावच्या सणाला, गेले होते. इथे फिएस्टाच्या दिवशी दार उघडं असतं, ओळखीचा-अनोळखी कुणीही आला की ‘काइन तायो’, चला जेवू या. मी प्रत्येक ताटाला नाही म्हणत गेले. मांस नको म्हटलं की ‘कोंती लांग’, थोडंसंच आहे, असं प्रेमाने उत्तर येई. शेवटी पाण्याचा पेला धरून बसले. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना काय वाटलं असेल, ते मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. आपल्या दारी जेवायच्या वेळी आलेलं माणूस नुसतं पाणी पिऊन उठलं, तर आमच्या आईला रात्री झोप आली नसती. आते काही बोलली नाही. माझ्या हातातलं पान तिने वाफेवरून काढून घेतलं, कारण बोलता बोलता मी ते विसरले होते.

१५ मे

पहाटे ऊन लख्ख. रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मिरवणूक आली तेव्हा लोलो दारात टोपी काढून उभे राहिले. पुढे बँड, मागे सान इसिद्रोची मूर्ती, तिच्यामागे पिढ्यान् पिढ्या शेतीच करत आलेली माणसं. पाद्र्याने आमच्या दारावर पवित्र पाणी शिंपडलं. ते रात्री वाफवलेल्या ओळीवर पडलं आणि मी मनात म्हटलं, एवढं पाणी चालेल.

आतमध्ये दिवसभर पंगतच होती. कोण कुणाचं, काही पत्ता नव्हता. मनिलाहून आलेली चार मुलं येऊन जेवली, ताटं धुऊन ठेवून गेली. पान्सित हाबहाब हा इथला खास प्रकार: शेवयांसारख्या मिकी केळीच्या पानाच्या तुकड्यावर घ्यायच्या, वर व्हिनेगर, आणि काटा नाही, बोटं नाहीत, पान उचलून थेट तोंडाला लावायचं. त्यात डुकराचं मांस असतं म्हणून मी नेहमी लांबूनच पाहत आलेली.

लोलांनी मला आत बोलावलं. चुलीच्या कडेला वेगळी कढई होती. मिकी, सायोते, गाजर, भरपूर लसूण. ‘वालांग कार्ने,’ त्या म्हणाल्या, मांस नाही. मग पुढे तागालोगमध्ये, इथल्या भाषेत, बरंच काही. आते म्हणाली, आई सांगतेय की कढई वेगळी, झाराही वेगळा, आणि पाणी घातलंय ते साधं, मटणाच्या हाडांचं नाही. सोबत पाकोची, म्हणजे नेच्याच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर, त्यातलं खारवलेलं अंडं आधीच बाजूला काढलेलं. शंभर माणसांच्या स्वयंपाकात त्या बाईने माझ्यापुरता झारा वेगळा ठेवला होता.

मी पान उचललं आणि तोंडाला लावलं. व्हिनेगर हनुवटीवरून ओघळलं. सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली.

दुपारनंतर उतरवणं सुरू झालं. याच दिवशी शेजारच्या सारियायात लोक दारावरचं पीक झेपावून लुटतात, तायाबासमध्ये सुमान, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट तांदळाचा गोड प्रकार, गर्दीवर उधळतात. आमच्या दारात लोलो खुर्ची टाकून बसले आणि स्वतःच्या हाताने देत राहिले. शेंगा या मुलीला, वांगी त्या बाईला, केळी बँडवाल्यांना. महिनाभर खपून सजवलेली भिंत तासाभरात रिकामी झाली. मला हळहळ वाटली, तसं मी म्हटलंही. लोलोंना माझं म्हणणं समजलंच नाही. आतेने दोनदा सांगितलं तरी ते विचारत राहिले, मग लावलं कशासाठी होतं?

१७ मे, लॉस बान्योस

निघताना आतेच्या बहिणीने पिशवी हातात ठेवली. इथे जेवून रिकाम्या हाताने कुणी कुणाला पाठवत नाही. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं किपिंग होतं, चाळीस तरी पानं.

आज संध्याकाळी तेल तापवून एक हिरवं पान सोडलं. क्षणात फुललं, कडा वळल्या, शिरा दिसेनाशा झाल्या. फेणीसारखंच. मुलाने मीठ भुरभुरून एका दमात सहा खाल्ली, दोन खाली आतेकडे नेऊन दिली.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि न तळलेलं एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. ती बराच वेळ पाहत राहिली. ‘वडाचं नाही हे,’ म्हणाली. ‘शिरा लांब आहेत. तांदूळ किती दिवस भिजवतात?’

मी ते विचारलंच नव्हतं. फोन तसाच चालू ठेवून जिना उतरून आतेकडे गेले. आते म्हणाली, आमच्याकडे एकच रात्र. आईने मान हलवली. ‘तिला सांग, तीन दिवस ठेवून बघ. रोज पाणी बदलायचं. आणि मीठ.’

मी सांगितलं. आतेने पेन शोधलं, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या वर्षीच्या मेचं पान नाही म्हणून डिसेंबरच्या पानामागे लिहून ठेवलं: तीन दिवस, पाणी, आसिन. आसिन म्हणजे मीठ. तोवर दोघी माझ्या हातातल्या फोनमधून एकमेकींना पानं दाखवायला लागल्या होत्या.