कथक तिच्यासाठी, ज्युदो माझ्यासाठी

लेकीला कथक शिकायचं होतं आणि मला, चाळिशी उलटल्यावर का होईना, ज्युदो. दोन्ही घराजवळच हवं होतं. क्लास लांब असला की आधी उत्साह संपतो, भरलेली फी तशीच राहते.

मोबाइलच्या नकाशावर शोधलं की एकाच पाटीखाली झुंबा, कथक, कराटे आणि अबॅकस असं सगळं सापडतं. पण चांगलं शिकवणारे कितीतरी जण एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचे दोन तास शिकवून घरी जातात. त्यांची पाटीच नसते, मग नकाशावर ठिपका कुठून येणार?

कथकचा माग लागला तो ओळखीतल्या एका तबलजींमुळे. साथीला बसणारी माणसं अनेक क्लासमध्ये वाजवतात, त्यामुळे कोण लय शिकवतं आणि कोण गॅदरिंगपुरतं गाणं बसवून देतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. त्यांनी कुणालाच नावं ठेवली नाहीत. "त्या ताई मुलींना हातावर ताल धरून पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला लावतात," एवढंच एका क्लासबद्दल म्हणाले. मला तेवढं पुरलं.

ट्रायल क्लासचा मला फारसा भरवसा नाही. तो आपल्यासाठीच सजवलेला असतो. म्हणून मी सगळीकडे नेहमीची बॅच कोपऱ्यात बसून बघू का, असं विचारलं. एका ठिकाणी 'पालकांना आत परवानगी नाही' असं उत्तर मिळालं. रोजच्या रोज पालक आत नकोत हे समजू शकते, पण प्रवेशाआधी एकदाही बघू न देणाऱ्या जागी मूल सोडायची माझी तयारी नाही. तो क्लास तिथेच बाद.

बघायला बसले की माझी नजर मागच्या रांगेवर असायची. पुढच्या मुली कुठेही छानच नाचतात. या ताई तत्कार, म्हणजे पायांचे मूळ बोल, घेताना मागे जाऊन उभ्या राहत होत्या. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आधी ठायीत, म्हणजे संथ मूळ लयीत, मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगाने. चौगुन, म्हणजे चौपट, लागली की ज्यांचं पाऊल चुकतं त्यांना पुन्हा ठायीत आणायचं. कुणाला ओरडणं नाही, टोमणे नाहीत. नवीन मुलींच्या पायांत घुंगरू नव्हते. पाऊल स्वच्छ पडायला लागल्यावर बांधू, म्हणाल्या. लेकीचा चेहरा पडला, मी मात्र मनातल्या मनात प्रवेश घेऊन टाकला. परीक्षांचं विचारलं तेव्हा त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाचा क्रम सांगितला: प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद. प्रारंभिक वगळता प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे विशारद पूर्ण ही सातवी परीक्षा. 'दोन वर्षांत विशारद करून देतो' म्हणणाऱ्यांचं गणित तिथेच उघडं पडलं.

पट्ट्यांचंही तेच. एका मार्शल आर्ट्सच्या क्लासने ब्लॅक बेल्टची हमी देणारं पॅकेज पुढे केलं, सगळे पैसे आगाऊ. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला आणि काळ्या पट्ट्याची प्रथाही त्यांच्याच शाळेतली. तिथून ती कराटेत गेली. मधले रंगीबेरंगी पट्टे रुजले ते बरेच नंतर, युरोपात. शिष्याला आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून केलेली ही सोय कुणी हप्त्यांवर विकायला काढली की मी जिना उतरते.

ज्युदोसाठी मी एका फिजिओथेरपिस्टना गाठलं. कुठल्या क्लासची माणसं सारखी खांदा धरून येतात, हे त्यांना विचारलं. त्या हसल्या, पण एक नाव टाळायचं ते कळलं. उरलेले क्लब राज्य संघटनेच्या यादीतून काढले.

जो आवडला तिथे नवशिके बराच वेळ फक्त पडत होते. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. हनुवटी छातीशी, नजर कमरेच्या गाठीवर, आणि हाताचा तळवा मॅटवर सपकन. याला उकेमी म्हणतात. पाठीवर पडताना मान मागे गेली की डोकं आपटतं, म्हणून ही गाठीकडे बघायची सवय. सेन्सेईंना, म्हणजे तिथल्या शिक्षकांना, विचारलं, पहिला डाव कधी? म्हणाले, तुमचं पडणं बघून ठरवू. ओसोतो-गारी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय मागून कापून त्याला उताणा पाडणं, ते नवख्यांवर करूच देत नाहीत. जपानमध्ये नवशिक्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाल्याच्या प्रकरणांत हा डाव वारंवार येतो, हे त्यांनीच सांगितलं. स्वतःच्या खेळातला धोका आपणहून सांगणारा शिक्षक मला तोवर भेटला नव्हता.

मॅटही बघून घेतली. कडा एकमेकींना घट्ट भिडलेल्या हव्यात, नाहीतर फटीत पायाचं बोट अडकतं. नखं कापलेली आहेत का, हे तासाआधी सगळ्यांचं तपासतात. माझंही तपासलं, शाळेनंतर पहिल्यांदाच. आणखी एक गोष्ट नीट बघितली: दाबून धरलेल्या माणसाने टॅप केल्यावर, म्हणजे हार मानल्याची थाप मारल्यावर, समोरचा किती पटकन सोडतो. इथे थापेचा आवाज यायच्या आत पकड सुटत होती.

जोडीला स्त्रिया आहेत का, हा प्रश्न मला विचारावा लागला. दोघी आहेत, दोघी माझ्याहून लहान, आणि दोघी मला सहज उचलतात. तिथे मला अजून रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, घेतलेलं नाही. लेक आता घरी ओट्याशी उभी राहून तत्कार करते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकूंना तिच्या रियाजाच्या वेळा कळवून ठेवल्या आहेत.