तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोड्यूसर नेमकं करतो काय?

माझा स्टुडिओ कोथरूडमध्ये, एका सोसायटीच्या तळमजल्यावर. कॉलेजातली पोरं बँड घेऊन येतात. सोबत आलेली आई किंवा बाबा पाचेक मिनिटं गप्प बसतात आणि मग हमखास विचारतात, "गाणार हा, वाजवणार ते, रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर. मग तुम्ही काय करता?" दारावर 'म्युझिक प्रोड्यूसर' अशी पाटी असल्यामुळे घोळ आणखी वाढतो. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. 'संगीत संयोजक' हा शब्द जवळचा, पण तोही पुरता बसत नाही.

म्हणून मी मट लँग या रॉक संगीतातल्या नामांकित प्रोड्यूसरची गोष्ट सांगतो. खरं नाव रॉबर्ट जॉन लँग. जन्म १९४८चा, आजच्या झांबियातल्या मुफुलिरा या तांब्याच्या खाणींच्या गावात. १९७९ साली एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा 'हायवे टू हेल' हा अल्बम त्याच्या हाती आला. गायक बॉन स्कॉट रांगडा, पण एका ओळीत त्याचा श्वास तुटायचा. लँगने पोटातून श्वास घ्यायला सांगितलं. स्कॉट भडकला, "एवढं येतंय तर तूच गा!" लँगने खुर्चीतून न उठता ती ओळ गाऊन दाखवली, असा किस्सा सांगतात. १९८०च्या फेब्रुवारीत स्कॉट वारला. त्याच वर्षी जुलैत, ब्रायन जॉन्सन या नव्या गायकाला घेऊन लँगनेच केलेला 'बॅक इन ब्लॅक' दुकानांत होता. पाच महिन्यांत! त्या अल्बमबद्दल मी इथे बोलायला लागलो तर रात्र होईल.

डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'हिस्टेरिया' अल्बमचं प्रकरण मात्र पूर्ण सांगायलाच हवं, कारण पालकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. १९८४मध्ये काम सुरू झालं तेव्हा लँग थकून बाजूला झाला होता. दुसरा प्रोड्यूसर आणला, जमलं नाही. बँडने स्वतः करून पाहिलं, तेही फसलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ड्रमर रिक ॲलनचा इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ मोटार अपघात झाला आणि डावा हात गेला. ड्रमरचा हात! लँग त्याला भेटायला गेला, धीर दिला. पुढे ॲलनने डाव्या हाताचं काम पायाकडे दिलं. इलेक्ट्रॉनिक ड्रमचे पेडल दाबत तो नव्याने वाजवायला शिकला आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर हजारोंसमोर बसला.

लँग परत आला आणि मग पोरांची खरी परीक्षा सुरू झाली. काही ठिकाणी गिटारची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका फटक्यात वाजवायचीच नाही. एकेक तार वेगळी वाजवायची, वेगळी रेकॉर्ड करायची, मग सगळ्या एकमेकींवर रचायच्या. आपण तंबोऱ्याच्या चार तारा एकत्र जुळवतो. याने त्या आधी सुट्या केल्या आणि मग एकत्र आणल्या. त्यामुळे त्या गिटारीला धातूची खरखर कमी आणि झांजेसारखी लकाकी जास्त. कोरसमधला जो घोळक्याचा आवाज आहे, त्यात लँगचा स्वतःचाही गळा आहे. शिवाय बाराही गाण्यांच्या लेखकांत त्याचं नाव आहे.

अल्बम जवळपास संपत आला असताना गायक जो एलियट रिकाम्या वेळात अकूस्टिक गिटारवर काहीतरी छेडत बसला होता. चहा-कॉफी घेऊन आलेल्या लँगने कान टवकारले, "हे काय आहे?" त्यातून 'पोअर सम शुगर ऑन मी' झालं. अल्बमच्या पन्नासेक लाख प्रती खपल्याशिवाय खर्च निघणार नव्हता असं बँडवालेच सांगतात. दोन कोटींहून जास्त खपल्या.

पुढे लँगने शनाया ट्वेन या कॅनडाच्या गायिकेशी लग्न केलं आणि तिच्यासोबत तिच्या 'कम ऑन ओव्हर' अल्बमची सोळाच्या सोळा गाणी लिहिली. तो अल्बम सुमारे चार कोटी खपला. नंतरचा 'अप!' तर तीन रंगांत आला. गाणं तेच, साज वेगळा. निळ्या आवृत्तीला भारतीय वाद्यांची फोडणी आहे. मला ती फारशी रुचली नाही, पण तबल्याचा ठेका ऐकून पोरं हसतात. लग्न पुढे मोडलं. मुलाखती तर हा माणूस जवळजवळ देतच नाही. त्याच्याविषयी बोलतात ते ज्यांना त्याने छळलं ते वादक, आणि तेही प्रेमाने.

परवा हे सगळं एका आईंना सांगितलं. आत त्यांचा मुलगा चार मात्रांचा एकच तुकडा एकविसाव्यांदा वाजवत होता. आईंनी काचेतून पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे चांगलं होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावता?"

"तसंच काहीसं."

"बरं. पण मग पैसे कोण घालतं?"

"तासाला आठशे," मी म्हणालो. "तुम्हीच की."