सवतीचा टाक

२४ जुलै, गुरुवार. लीहाय, युटा

आज पायोनियर डे. हा देशाचा नाही, या राज्याचा सण. १८४७ साली याच दिवशी मॉर्मन पंथाचा पुढारी ब्रिगॅम यंग आपल्या लोकांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. त्याआधी तीन वर्षं, इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथला गोळ्या घालून मारलं होतं. घरंदारं सोडून पळालेल्या माणसांचा हा सण, म्हणून लहान पोरं झालरीच्या टोप्या घालून लाकडी हातगाड्या ओढतात. सकाळी आमच्या वॉर्डाचा नाश्ता होता. 'आमच्या' म्हणते खरी, पण आम्ही त्यांच्या धर्माचे नाही. वॉर्ड म्हणजे इथला वस्तीपुरता धर्मसंघ. कुणाचा वॉर्ड कुठला हे पत्त्यावरून ठरतं, त्यामुळे आम्ही कुणी नसूनही त्यांच्या नकाशावर आहोत.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो, तेव्हा सामानाचा ट्रक दारात लागला आणि दहा मिनिटांत बाराएक अनोळखी माणसं अंगणात उभी. तासाभरात ट्रक रिकामा. बाळंतपणात तीन आठवडे रोज कुणीतरी डबा आणून देत होतं, आम्ही मांस खात नाही हे विचारून घेऊन. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक दोन जेवणं सोडतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. बिशप म्हणजे इथे पगारी धर्मगुरू नव्हे. आमचे सध्याचे बिशप आठवडाभर नळजोडणीची कामं करतात.

आणि याच गावात माझी मोठी मुलगी रविवारी खिडकीत बसून असते. रस्ता सुनसान, खेळायला कुणी येत नाही, सोमवारची संध्याकाळ घराघरांत कुटुंबासाठी राखलेली. मैत्रिणींच्या बोलण्यातली निम्मी नावं चर्चच्या वर्गातली. तिला कुणी दूर ढकललेलं नाही. पण ज्या गोष्टीभोवती सगळ्यांचा आठवडा फिरतो, ती तिच्याकडे नाही. तिला काय सांगावं ते मला अजून उमजलेलं नाही.

दुपारी मावशीचा फोन. तिने याही वेळी विचारलं, "तिकडे अजून चार-चार बायका करतात का गं?" मी चिडलेच. १८९० मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून ही लग्नं थांबवायला सांगितलं. तरी ती लपूनछपून होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला आणि अशी लग्नं करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकू लागले. आज बहुपत्नीत्व पाळणारे जे बातम्यांत दिसतात ते बहुतेक फुटून निघालेल्या पंथांचे. वॉरन जेफ्स, ज्याला २०११ मध्ये टेक्सासात मुलींवरच्या अत्याचारासाठी जन्मठेप झाली, तो त्यातल्याच एका पंथाचा. माझ्या शेजारणीला त्याचं नाव काढलेलंही सहन होत नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, मी तिला अर्धंच उत्तर दिलं.

२७ जुलै, रविवार

शेजारीण चर्चमधून येताना आत आली. साठी उलटलेली आहे. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य, म्हणून मी तिच्यासाठी गवती चहा, आलं आणि सुंठ उकळते. गवती चहाला ती 'लेमनग्रास' म्हणते. त्याच्या मराठी नावात चहा आहे हे सांगितलं तेव्हा घाबरली होती, मग पात हुंगून पाहिली आणि निवांत प्यायली.

तिच्या घराण्यात कुणी अनेक बायका केल्या होत्या का, हे मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी धीर झाला नव्हता.

तिच्या पणजोबांना तीन बायका होत्या आणि ती तिसरीच्या वंशातली. तिघींची नावं, जन्मतारखा, कुठून जहाजात बसल्या, कोण कुठे पुरली गेली, सगळं तिला तोंडपाठ. वंशावळ लिहिणं हे यांचं धर्मकार्यच आहे. बहुपत्नीत्वाविरुद्धच्या १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनंतर सरकारी मार्शल घरं धुंडाळू लागले. हजाराहून जास्त पुरुष तुरुंगात गेले. तिची पणजी गरोदरपणी दुसऱ्या गावात खोटं नाव सांगून राहिली, कारण पोटातलं मूल हाच नवऱ्याविरुद्धचा पुरावा. "पुरुषांचे तुरुंगातल्या कपड्यांतले फोटो आहेत," ती म्हणाली, "अभिमानाने काढलेले. तिचा त्या दिवसांतला एकही नाही."

मला मार्था ह्यूज कॅननची आठवण झाली. डॉक्टर बाई, चौथी बायको. नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून तान्ही मुलगी घेऊन इंग्लंडला निघून गेली. १८९६ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी उभी राहिली. विरोधी पक्षाच्या उमेदवारांत तिचा स्वतःचा नवरा होता. ती निवडून आली, तो पडला. अमेरिकेत कुठल्याही राज्याची ती पहिली महिला सिनेटर. युटाच्या बायकांना मताचा हक्क १८७० मध्येच मिळाला होता, आणि १८८७ च्या कायद्याने बहुपत्नीत्वाबरोबर तोही काढून घेतला. बायकांना सोडवायला निघालेल्या कायद्याने आधी त्यांचं मत हिसकावलं. याचा मला राग येतो.

आणखी एक बोचतं. १८७९ मध्ये एका मॉर्मन माणसाच्या दुसऱ्या लग्नावरच्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की बहुपत्नीत्व ही जवळजवळ केवळ आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची रीत होती. पुढे दाखला दिला तो नवऱ्याच्या चितेवर जळणं धर्म मानणाऱ्या बायकोचा. म्हणजे मॉर्मनांना दोषी ठरवताना आम्ही उदाहरण म्हणून हजर होतोच.

पण शेजारणीला बोलायचं होतं ते वेगळंच. "सगळ्यांना वाटतं ते संपलं," ती म्हणाली. "माझ्यासाठी संपलेलं नाही."

ती तिच्या नवऱ्याची दुसरी बायको. पहिली कर्करोगाने गेली. यांच्या मंदिरात जे लग्न लागतं त्याला सीलिंग म्हणतात, ते मरेपर्यंतचं नसतं, अनंतकाळचं असतं. (मंदिरात आम्हाला प्रवेश नाही. तिच्या मुलाच्या लग्नात आम्ही बाहेर हिरवळीवर थांबून फुलं दिली.) विधुर पुरुषाला दुसरीशीही सीलिंग करता येतं आणि पहिलीचंही कायम राहतं. हयात बाईला मात्र एकाच नवऱ्याशी. रसेल नेल्सन आणि डॅलिन ओक्स या त्यांच्या थोर पुढाऱ्यांचीही दुसरी लग्नं अशीच लागली. म्हणजे पृथ्वीवर एक बायको, आणि पलीकडे दोन.

२०१४ मध्ये चर्चने स्वतःच मान्य केलं की जोसेफ स्मिथचं सीलिंग अंदाजे तीस ते चाळीस बायकांशी झालं होतं, त्यातली एक पंधरावं लागायला काही महिने बाकी असलेली मुलगी. ते वाचून आठवडाभर शेजारीण धड जेवली नव्हती. तरी चर्च सोडलं नाही. "माझे आईवडील, मुलं, सगळे त्याच साखळीत आहेत. कडी तोडली तर मी कुठे जाऊ?" मग हळूच म्हणाली, "त्याची पहिली चांगली बाई होती असं सगळे सांगतात. पण तिथे गेल्यावर तो आधी कुणाकडे बघेल?"

मी तिला आजीच्या देवघराबद्दल सांगितलं. आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. आजी लग्न होऊन वाईला आली तेव्हा तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला, पहिलीची चांदीची छोटी प्रतिमा. पुढे तो देवांत बसवला. आजी रोज त्याला हळदकुंकू वाही. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवायला घाली आणि साडी-खण देई. लहानपणी मी विचारलं होतं, वडाला दोरा बांधून सात जन्म हाच नवरा मागतेस, मग तिनेही मागितला असेल ना? आजीने माझ्या हातातून वात काढून घेतली आणि म्हणाली, "जा, अंगणात खेळ."

शेजारीण रडली नाही. माझा हात धरून बसली. नवऱ्याची पहिली बायको रोज डोळ्यांसमोर असण्याला आमच्याकडे एक वस्तू आहे, तिला हात लावता येतो, हे तिला फार आवडलं. मला मात्र तेवढं सोसवेना. आजीने ते गळ्यात घालून घेतलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

जाताना तिने सहज विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

२८ जुलै, सोमवार

पहाटे आईला फोन लावला. आईने काकांना विचारलं, काकांनी वाईच्या आत्याला. टाक अजून काकांच्या देवघरात आहे, झिजून नाकडोळे सपाट झालेत. सासरचं नाव लक्ष्मी. ते आजीचंही सासरचं नाव होतं, तेच पुन्हा ठेवलेलं. माहेरचं कुणालाच आठवत नाही.

शेजारीण जन्मतारीखही विचारेल. संध्याकाळी तिच्याकडे जायचं आहे.