तुम्ही विचारलेत म्हणून : मी आता होडीत का बसत नाही

बेळगावकडच्या हिडकल धरणाच्या काठावर मुलांना सोडायला येणारे पालक, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे आणि आता तर माझ्याच हाताखाली शिकणारी पोरे, सगळे हाच प्रश्न विचारतात : सर, तुम्ही वल्हवण्यातले राष्ट्रीय विजेते, मग स्वतः कधी होडीत का बसत नाही? आजवर मी कंबरेचे कारण सांगत आलो. कंबर दुखते हे खोटे नाही. पण त्याच कंबरेने मी रोज सकाळी मुलांबरोबर आठजणांची होडी खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत नेतो, तेव्हा हे कारण कोणाला पटत नसणार, हे मलाही कळते.

आम्ही दोघे लाइटवेट डबल स्कल्सचे, म्हणजे कमी वजनाच्या गटातल्या दोघांच्या होडीचे, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. दोघांच्या वजनाची सरासरी ७० किलोच्या वर जायची नाही आणि एकट्याचे वजन ७२.५ च्या वर नको, असा नियम. शर्यतीपूर्वी दोन तास ते एक तास या वेळात काट्यावर उभे राहायचे. म्हणजे माझे वजन जेवढे वाढेल तेवढे जोडीदाराने उतरवायचे. हैदराबादला, हुसेनसागरावर, अंतिम शर्यतीच्या आदल्या रात्री आमचे ठरले होते : मी ७१.५, तो ६८.५. रात्री उकाड्याने झोप लागेना म्हणून मी उठून दोन-तीन पेले पाणी प्यालो, आणि सकाळी सरावाच्या काट्याने मला ७२.२ दाखवले. आता त्याला ६७.८ वर यायला हवे होते.

घाम गाळून वजन उतरवायला मीही पळू शकलो असतो. मी म्हणालो की मी स्ट्रोकला, म्हणजे लय ठरवणाऱ्या जागेवर, बसतो, लय मला धरायची आहे, माझे पाय गेले तर होडी गेली. कोणी विरोध केला नाही. त्यानेही केला नाही. अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट, अशा वेषात तो उन्हात पाऊण तास थुंकत थुंकत पळाला आणि मी झाडाखाली बसून त्याच्या फेऱ्या मोजत होतो. अधिकृत काट्यावर तो बरोबर ६७.८ भरला.

वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, हे तुम्ही पाहिलेलेच आहे. पण डबलमध्ये बोवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडचा, गडी स्ट्रोकच्या पाठीमागे असतो, त्यामुळे २००० मीटर संपेपर्यंत मला त्याचे तोंड दिसत नाही, केवळ त्याचा श्वास ऐकू येतो, ही गोष्ट काठावरून लक्षात येत नाही. दीड हजार मीटरनंतर तो श्वास बदलला. आधी शिट्टीसारखा झाला, मग तुटू लागला. त्याचे डावे वल्हे पाण्यात उशिरा पडायला लागले, होडी कलू लागली, आणि हे सारे समजत असताना मी गती वाढवली. "ओढ, ओढ" असे ओरडतही होतो. आम्ही जिंकलो. रेषा ओलांडली आणि त्याच्या हातून वल्ह्यांच्या मुठी सुटल्या. मुठी सुटल्यावर एवढी अरुंद होडी उलटायला वेळ लागत नाही. पाण्यात मी त्याची मान वर धरून ठेवली, तोवर लाँच आली. पुढे सलाइन, चार दिवस रुग्णालय, मूत्रपिंडाची तक्रार. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. त्या दिवशी त्याचेही पदक मीच गळ्यात घातले.

त्या वेळचा मी तुम्हाला भेटला तर सांगेल की वजन सगळेच असे उतरवत होते, तो स्वखुशीने पळाला, न पळता तर दोघेही बाद झालो असतो. यातले एकही वाक्य खोटे नाही, म्हणूनच मला त्याच्याशी भांडता येत नाही. जोडीदाराचीही तक्रार नाही. चिकोडीच्या एका लग्नात तो पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भावा, पाणी तू प्यालास आणि तहान मला लागली बघ." सगळे हसले, मीही हसलो, आणि ताटावरून उठणे बरे दिसले नसते म्हणून जेवलो.

२०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गट गेला, तेव्हा मला आनंद झाला असेल असे अनेकांना वाटले. झालाही. मात्र खानापूर-हुक्केरीकडची माझी सडपातळ पोरे आता कोणत्या गटात उभी करायची, हे मला त्या दिवसापासून सुचलेले नाही. पालक दत्तू भोकनळचे उदाहरण देतात, चांदवडच्या कोरड्या मुलखातला गडी वल्हवत २०१६ ला रिओ ऑलिंपिकला गेला म्हणतात. खरे आहे, पण दत्तूची उंची कोणी सांगत नाही. माझ्याकडे वजन उतरवण्यासाठी पाणी पिणे बंद करायला मनाई आहे. त्यामुळे आम्ही काही स्पर्धांना मुकलो, आणि त्या मुलांपैकी एकाने मला याचा जाबही विचारला आहे.

गेल्या आठवड्यात डबलचा एक मुलगा आला नाही, तेव्हा दुसऱ्याने मला स्ट्रोकला बसायला सांगितले. पाठीमागे माणूस असला की मला वल्हवता येत नाही, असे मी पहिल्यांदाच कोणाला तरी स्पष्ट बोललो. त्याने क्षणभर विचार केला.

"मग तुम्ही माझ्या पाठीमागे बसा की, सर."

वारे सुटले आहे असे सांगून मी त्याला होडी वर काढायला लावली. वारे तितकेसे नव्हते.