खोटे पेशंट, खरी सिकल

मागच्या गुरुवारी पोरीच्या वर्गासोबत श्युलरलाबोरला जाऊन आले, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहूनच टाकते. श्युलरलाबोर म्हणजे शाळकरी मुलांसाठी चालवलेली लॅब, खरी मशिनं, खरी केमिकलं, आणि जर्मनीत अशा शेकडो आहेत. बर्लिनमध्ये बुखच्या रिसर्च कॅम्पसवरची नावाजलेली, आम्ही गेलो ती वेगळी. पोरगी अकरावीत, बायोलॉजी तिचा मुख्य विषय, मॅडमना सोबतीला एक पालक हवा होता आणि मी काय, घरीच असते.

विषय आजाराचं निदान, आणि आजार कोणता, तर सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो आईबापाकडून येणारा आजार! आता चंद्रपूरच्या बाईला बर्लिनमध्ये बसवून सिकल शिकवणार. स्लाइडवर जगाचा नकाशा आला, आफ्रिका लालभडक आणि मध्य भारतावर एक फिकट डाग. त्या डागात आमचं अर्धं गणगोत राहतं हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण पोरीने आधीच डोळे वटारले होते.

पहिला पाऊण तास फक्त पिपेट, म्हणजे थेंबभर द्रव मोजून घ्यायचं हत्यार, धरायला शिकवलं. निळं पाणी, प्रत्येकाला स्वतःची मायक्रोपिपेट, अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचा, द्रव ओढून घ्यायचा, सोडताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत. चुकलं तर पुन्हा. कोणी खेकसत नाही, कोणी "फुटली तर पैसे भरशील" म्हणत नाही. आम्ही नागपूरला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करत होतो तेव्हा पूर्ण बॅचमध्ये धड चालणारी एक पिपेट होती आणि ती सरांच्या कपाटात कुलपात असायची, परीक्षेच्या दिवशी बाहेर यायची जशी काही गौरीची मूर्ती. सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात ती अशी सहज दिलेली बघून मला, खोटं कशाला बोलू, हेवाच वाटला. पण हेही सांगते, त्या एका पिपेटवर शिकलेले आमचे हात अजून कापत नाहीत. जेल म्हणजे जेलीसारखी मऊ वडी, तिच्या भोकात सॅम्पल सोडताना तीन पोरांनी टोक खुपसून जेल फाडलं, चौथ्या वेळी तिथल्या ताई म्हणाल्या तुम्ही दाखवता का, आणि मी एका दमात सहा भोकं भरली. पोरगी तेव्हा मात्र माझ्या शेजारीच उभी होती बरं का.

प्रयोग सुंदर होता. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एका ठिकाणी डीएनएचं ए हे अक्षर जाऊन टी आलं की सिकल. एक एन्झाइम नेमक्या त्याच जागी कात्री चालवतं, अक्षर बदललेलं असलं की कात्री लागत नाही. मग डीएनए जेलमधून वीज लावून पळवायचा, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. निरोग्याला दोन पट्ट्या, आजाऱ्याला एकच लांब, वाहकाला, म्हणजे जीनची एकच प्रत बिघडलेली पण स्वतः आजारी नाही अशाला, तिन्ही. पेशंट ए, बी, सी, म्हणजे आई, बाप, बाळ. आणि सगळे खोटे! डीएनए लॅबमध्ये बनवलेला, रक्ताचा थेंब नाही.

एका पोराने विचारलं, आम्ही आमचाच डीएनए तपासला तर? ताई एकदम गंभीर. म्हणे कायदाच आहे, 2010 पासून लागू, जनुकीय तपासणी डॉक्टरशिवाय नाही, लेखी संमतीशिवाय नाही, आणि माणसाला न कळून घेण्याचाही हक्क आहे. इथे नवजात बाळांची सिकलची तपासणी 2021 पासून होते, पण बाळ नुसतं वाहक निघालं तर आईबापाला ते कळवतच नाहीत.

न कळून घेण्याचा हक्क! माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे कुंडलीआधी सिकलचं कार्ड बघा म्हणून गावोगाव सांगत फिरतात, 2023 च्या जुलैत सरकारी मोहीम निघाली ती सात कोटी लोकांची तपासणी करायला, आणि इथे म्हणे नको कळायला. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मूल व्हायची, माझ्या मावसबहिणीने ते भोगलंय. अर्थात रंगीत कार्डावरून मोडलेली लग्नंही मी बघितलीत, आणि मोडलं की बोल पोरीलाच लागतो, हेही खरं.

मी स्वतः वाहक आहे. डीएमएलटीच्या प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकींचं बोट टोचायचो, माझा थेंब टाकला तशी नळी गढूळ झाली आणि मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनात. सगळ्या बॅचसमोर. संमती वगैरे कोण विचारतंय. आणि लग्न ठरलं तेव्हा ह्यांना रक्तगट बघायचाय सांगून मी लॅबमध्ये बोलावलं आणि सोबत सिकलचीही टेस्ट लावली. नळी स्वच्छ निघाली, मग होकार दिला. ह्यांना लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं, ते हसले. इथल्या हिशोबाने गुन्हाच म्हणायचा, पण गढूळ निघाली असती तर? मी आजही तेच करेन.

इथे मी सहा वर्षांचा अनुभव घेऊन आले, पण माझ्या डिप्लोमाला मान्यता मिळवायची तर कागद, परीक्षा, भाषेचं सर्टिफिकेट, पोरगी तेव्हा लहान होती, राहून गेलं. म्हणजे राहू दिलं. ताईंनी निघताना विचारलं तुम्ही कुठल्या लॅबमध्ये काम करता, मी म्हटलं सध्या ब्रेकवर आहे. अकरा वर्षांचा ब्रेक.

परत येताना एसबानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, पोरगी खिडकीतून बघत होती. मग म्हणाली, "आई, तू वाहक, बाबा नाही, म्हणजे माझं फिफ्टी-फिफ्टी ना?"

मी म्हटलं हो. दिवाळीत नागपूरला जाऊ तेव्हा माझ्या जुन्या लॅबमध्ये दहा मिनिटांत बघून टाकू.

"नको. अठरा झाल्यावर माझं मी ठरवीन."

मी काही बोलले नाही. तिकिटं नोव्हेंबरची काढलीत.