तुम्ही विचारलंत म्हणून: इमारतींचा इतिहास शिकून करतेस काय?

लग्नकार्यात हा प्रश्न हमखास येतो. "वास्तुकलेचा इतिहास? म्हणजे वास्तुशास्त्रच ना? मग आमच्या स्वयंपाकघराची दिशा बघून सांग की." नाही हो, ते वेगळं.

पहिल्या वर्षी ग्रीस, रोम, सांची झालं. फोटो बघून पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, बरंचसं विसरलेही. अभ्यास खरा सुरू झाला तो दुसऱ्या वर्षी, पुण्यात कसबा पेठेतल्या एका वाड्यात. आम्हा तिघींना वाड्याची मापं घेऊन नकाशा काढायचा होता. हातातली टेप बघून आजी दारातच म्हणाल्या, "पाडायला आलात का?" कॉलेजातून आलोय म्हटल्यावर चहा मिळाला.

मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापं घेतली. घरी नकाशा काढायला बसले तर खांब काही केल्या एका ओळीत येईनात. सरांनी लाल पेनाने आख्खा कागद आडवा कापला. परत गेले. आजी भाजी निवडत होत्या. "अगं, भिंती कसल्या मोजतेस? ही ओसरी पाच खणांची, म्हणजे पाच खणांची."

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. तुळईला जेवढं लांब लाकूड मिळेल त्याच्या हिशेबात खण बसवायचा आणि खणावरून खोली, चौक, माडी. भार घेतो तो सागवानी सांगाडा. भिंत मधे भरलेली. याचा पुरावाही आजींकडेच होता. १९६१ साली पानशेत धरण फुटून पूर आला तेव्हा त्यांची मागची मातीची भिंत विरघळून गेली, माडी मात्र खांबांवर तशीच. "खाली पीठ-मीठ गेलं, वरची लोणच्याची बरणी हललीसुद्धा नाही."

तेव्हापासून शनिवारवाडा मला निराळाच दिसतो. लोक तिकीट काढून आत जातात आणि "आत काहीच नाही" म्हणत बाहेर येतात. १७३० साली पाया घातलेला वाडा, १८२८ च्या आगीत लाकूड गेलं, दगडी जोती, म्हणजे खालचे चौथरे, राहिली. पुरानं भिंत नेली, आगीनं सांगाडा. ही जोती म्हणजे जमिनीवर काढून ठेवलेला नकाशाच. फक्त खण मनात उभे करावे लागतात. ते जमत नसेल तर आधी विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं आणि दर्शनी बाजूचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांब नीट बघून घ्यावेत. (बाजीराव रोडच्या गर्दीत धक्के खात, पण बघावेत.)

पोटापाण्याचं म्हणाल, तर जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका ऑफिसात अजून मापंच घेते. पगार विचारू नका.

आजींचा वाडा गेल्या वर्षी उतरवला. सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेलं. खांबांखालचे दगडी तळखडे तिथेच पडले होते, ते कुणालाच नको होते. त्यातला एक रिक्षात घालून आणला, आता गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. आई येता-जाता विचारते, "एवढं शिकून घरात धोंडा आणलास?"