निलगिरीलगतची पट्टी

"मॅडम, पाणी कमी पडतं असं सांगू नका. पाणी मी स्वतः सोडतो," काकांनी आधीच बजावलं. निलगिरीच्या ओळीलगत मोहरी विरळ उगवली होती, जी उगवली ती खुरटलेली. आत चालत गेलं की पीक सुधारत जायचं. सावलीला दोष द्यावा तर ती त्या हंगामात ओळीच्या पलीकडे पडत होती. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली: जिथे वाळक्या पाल्याचा थर जाड, तिथेच जमीन सर्वांत उघडी.

एका झाडाने सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्या वनस्पतीवर परिणाम होणं, याला वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी 1937 मध्ये ॲलेलोपॅथी हे नाव दिलं. काळ्या अक्रोडाचं जुग्लोन हे रसायन त्याचं गाजलेलं उदाहरण. अक्रोडाच्या त्या झाडाजवळ टोमॅटो कोमेजतो, मका बऱ्यापैकी तग धरतो. निलगिरीच्या पानांत सिनिओलसारखी उडून जाणारी तेलं असतात आणि फिनॉलिक आम्लंही. ती पावसाने धुऊन, पाला कुजताना मातीत उतरतात. पण शेतात रसायन आणि पाण्याची ओढाताण वेगळी काढणं फार अवघड. पानांचा दाट अर्क बशीतल्या बियांवर ओतून निष्कर्ष काढणं मला पटत नाही. शेतात इतका दाट अर्क बियाला भेटतच नाही, शिवाय मातीतले जीवाणू ही द्रव्यं खाऊन टाकतात.

म्हणून मी पट्टीतली आणि शेताच्या मधली अशी दोन्हीकडची मातीच आणली. प्रत्येकीच्या निम्म्या कुंड्यांत सक्रिय कोळशाची भुकटी मिसळली, कारण कोळसा अशी सेंद्रिय द्रव्यं धरून ठेवतो. बियाणं, पाणी, ऊन सगळ्यांना सारखंच. कुंडीत झाडाची जिवंत मुळं नव्हती, म्हणजे पाणी पळवणारं कुणीच नव्हतं.

रोपं उपटून पाहिली तो दिवस मी विसरणार नाही. पट्टीच्या नुसत्या मातीतली मुळं आखूड, टोकाला तपकिरी. त्याच मातीत कोळसा घातलेल्या कुंड्यांत मुळं लांब, पांढरी, केसाळ. मधल्या मातीत कोळशाने काहीच फरक पडला नव्हता. माझ्या दृष्टीने खरा पुरावा तोच, कारण कोळसा खतासारखा लागू पडला असता तर तिथेही रोपं वाढली असती.

काकांनी दोन्ही रोपं शेजारी ठेवून बराच वेळ न्याहाळली. "मग तोडू का झाडं?"

"नको," मी म्हटलं. कुंडीने फक्त मातीतलं दाखवलं होतं. शेतात मुळं पाणी किती ओढतात, ते अजून तपासायचं होतं. त्यासाठी ओळीच्या कडेने चर खणून मुळं तोडायची. पुढच्या पेरणीला अर्ध्या पट्टीतला पाला गोळा करून खड्ड्यात नीट कुजवायचा, अर्ध्या पट्टीत तसाच राहू द्यायचा आणि चर दोन्हीकडे निम्म्या लांबीपर्यंतच न्यायचा, असं आम्ही ठरवलं. खुणेच्या खुंट्या काकांनी त्याच संध्याकाळी ठोकल्या.